रुखवत कोणी फोडलं

ते प्रकरण मी अजून विसरलेलो नाही. रायपूरला ठाणेदार होतो. एका सकाळी मंगल कार्यालयातून फोन आला, की नवरीचं रुखवत कोणीतरी फोडलं. मी वैतागलो. पोलिसांनी आता साखरेच्या बाहुल्यांचा तपास करायचा?

तिथे गेलो आणि वैताग ओसरला. मण्यांच्या पालखीचा, साखरेच्या तुळशीवृंदावनाचा चुरा झाला होता. वरपक्षातली एक मावशी 'अपशकुन' म्हणाली, शब्दाने शब्द वाढला आणि वऱ्हाड परत गेलं. नवरी हळदीच्या अंगाने कोपऱ्यात बसून होती.

मुलीच्या मागे लागलेल्या एका तरुणाला दिवसभर ठाण्यात बसवलं. हाती काही लागलं नाही. पंचनाम्यातली एक गोष्ट मात्र मला खटकत होती. चांदीची भांडी, लाडवांची ताटं जागच्या जागी होती. फुटलं होतं ते फक्त हाताने केलेलं. रागाने आंधळा झालेला माणूस असा निवडून फोडत नाही.

त्यातच कार्यालयाच्या चौकीदाराने खबर दिली, "साहब, पिछली शादी में भी यही हुआ था, घरवालों ने बात दबा दी. दोनों बार सामान बनानेवाली दीदी सजाने के बाद अकेली वापस अंदर गई थी."

ती चाळिशीची, अविवाहित बाई. रुखवत करून विकायची. महिला हवालदारासमोर विचारपूस केली. बराच वेळ ती नाहीच म्हणत राहिली. मग मी पालखीचा तुकडा तिच्यापुढे ठेवला.

"इतकं सुंदर केलं होतं. काहून फोडलं?"

"माह्या लग्नाचंही मीच केलं होतं, साहेब. मांडून ठेवलं, अन् वरात आलीच नाही. करतानी काही होत नाही. मांडलं का मले पाहवत नाही."

मला तिची दया आली आणि संतापही आला.

मुद्देमाल ओळखायला ती नवरी वडिलांबरोबर ठाण्यात आली. तिला मराठी समजायचं, बोलायची हिंदीत. सही करून ती बाईपाशी गेली.

"दीदी, मेरा तो टूट गया. आपका कुछ जुड़ा क्या?"

"आता तुले समजन," बाई एवढंच म्हणाली.

चोराला वस्तू हवी असते. या बाईला सोबत हवी होती, आपल्यासारखंच मोडलेलं कोणीतरी. फोडणाऱ्यांबद्दल मी नोकरीत जे काही शिकलो, ते त्या दिवशी.

निवृत्तीनंतर एका लग्नात तेव्हाची ती नवरी दिसली, एकटीच आलेली. रुखवताच्या टेबलाकडे ती टक लावून पाहत होती. मी खुर्चीतून उठलो आणि त्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो. लग्न लागेपर्यंत तिथून हललो नाही.