राजधानीत धुतलेले शर्ट

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि तो तर तेव्हा भिंतीपलीकडेच बसलेला असायचा. तुम्हाला सांगतेय, कारण आता पोटात राहत नाही. त्या देशाचं नाव तेवढं विचारू नका. पूर्वी सोव्हिएत संघात होता, एवढं पुरे.

कोविडची ती वर्षं आठवतात ना? द हेगमधलं आमचं एवढंसं घर. बेडरूममध्ये नवऱ्याचे कॉल, हॉलमध्ये मुलाची डच शाळा, आणि मी स्वयंपाकघरात, ओट्यावर लॅपटॉप ठेवून. नवऱ्याच्या व्हिसावर आले, कित्येक वर्षं नुसत्या पोळ्या लाटल्या, आणि शेवटी पुण्यात शिकलेल्या रशियनच्या जोरावर एका छोट्या संशोधन संस्थेत नोकरी मिळाली. मिळाली म्हणजे काय — मीटिंगमध्ये माझं नावही कुणाला धड घेता येत नव्हतं. वैताग नुसता!

माझ्या अहवालाचा विषय होता त्या देशातल्या प्रांतांचे राज्यपाल. आपल्यासारखे नावापुरते नव्हेत. तिथे शाळेतल्या बाईंची नोकरीसुद्धा त्यांच्या हातात. सुरुवातीला नेमले ते तिथलेच, लग्नाला-मयताला येणारे. मग राजधानीला त्यांचीच भीती वाटायला लागली, म्हणून परके पाठवले. मग तेही रुजायला नकोत, म्हणून भराभर बदल्या.

हे सगळं मला व्हिडिओ कॉलवर सांगितलं नुकत्याच निवृत्त झालेल्या एका अधिकाऱ्यांनी. राज्यपालांचे दौरे, पाहुणे, सगळी व्यवस्था ते बघत. मी मनात त्यांना काका म्हणायचे. सध्याचा राज्यपाल, ते म्हणाले, इतका परका की आपले शर्टसुद्धा इथे धूत नाही. दर आठवड्याला बॅग विमानानं राजधानीला जाते. ती विमानतळावर कोण पोचवायचं? काकाच, गुपचूप. दुसऱ्या कुणाला पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. माझं नाव नाही घातलंत तरी मला ओळखतील, ते शर्टांचं काढून टाका, माझी मुलगी इथल्याच शाळेत शिक्षिका आहे. मी म्हटलं, काढलं.

नव्हतं काढलं. का? विसरले? छे! सगळ्या अहवालात जिवंत असं तेवढंच एक वाक्य होतं — आणि मला एकदा तरी कुणीतरी शाबास म्हणायला हवं होतं. म्हणाले. आमच्या डच प्रमुख बाईंनी तेच वाक्य सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. मी त्या दिवशी श्रीखंड केलं. श्रीखंड! माझी मलाच चीड येते.

अहवाल बाहेर आला, आणि थोड्याच दिवसांत काकांच्या मुलीची नोकरी गेली. त्यांनी फोन केला. रागावले असते तर बरं झालं असतं — पण ते फक्त विचारत होते, कसं राहिलं? आणि मी काय म्हणाले असेन? मी तर काढलं होतं, वरिष्ठांनी परत घातलं. आमच्या बिचाऱ्या प्रमुख बाईंना यातलं काही ठाऊकही नव्हतं.

काका म्हणाले, "असू दे, पोरी. आमच्याकडेही सगळं वरूनच येतं. तू तुझी नोकरी सांभाळ."

वरून काहीही आलं नव्हतं. ते वाक्य मी ठेवलं होतं, आणि ते त्यांना अजून माहीत नाही.