नाना बसले

क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीतल्या छापखान्यात मी पत्रकाचं प्रूफ वाचत उभी होते, तेव्हा रऊफचाचांचा फोन आला. सकाळचे नऊ वाजले असतील. मशीन सुरू होतं, नीट ऐकू येत नव्हतं. चाचा एवढंच म्हणाले, "बेटा, नाना बसले." मी प्रुफावरची नजर न काढता विचारलं, "कुणी मारला?" विचारून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, सकाळी नऊला कुठलीच मॅच नसते.

हे वाचून मी कुणाला निर्दयी वाटेन, म्हणून आधीच सांगते. आमच्या टोळक्यात 'नाना बसले' याचा अर्थ गोल झाला. कितीतरी वर्षं तोच अर्थ आहे. ज्यांना मैदानावर येता येत नाही त्यांना आम्ही फोनवर हेच दोन शब्द पाठवतो, आणि पलीकडून एकच उत्तर येतं, 'कुणी मारला?' रऊफचाचा त्या दिवशी नेहमीसारखे नानांना फिरायला न्यायला पुंडलिकनगरात गेले, तर नाना ओट्यावर आपल्या लोखंडी घडीच्या खुर्चीत बसलेले, पण श्वास थांबलेला. चाचांनीही फाटकातूनच हाक मारली होती, "क्या रे, किसने मारा?" म्हणजे एका सकाळी, एका माणसाबद्दल, आम्ही दोघांनी तोच चुकीचा प्रश्न विचारला. नानांना हे कळलं असतं तर त्यांनी पुढचं वर्षभर भेटेल त्याला थांबवून सांगितलं असतं.

नाना म्हणजे लाल गाडीवरचे रिटायर कंडक्टर. घर अजिंठ्याकडचं, शेतीवाल्यांचं. जन्म पोलिस ॲक्शनच्या सालातला. स्वतःची ओळख करून देताना ते म्हणत, "निजाम उठला अन् मी आलो. तवापासून उभाच हाय." यात बढाई नव्हती. नोकरी उभ्यानं झाली आणि उरलेलं आयुष्य त्यांनी फुटबॉलच्या गोलमागं उभं राहून काढलं.

माझी त्यांची गाठ पडली तीन वर्षांपूर्वी, आणि भांडणानंच पडली. आपल्या शहरातलं हे एक जुनं मैदान. त्याच्यावर वर्षातले कितीतरी महिने कधी आकाशपाळणा उभा राहतो, कधी चादरी-गालिच्यांचा सेल लागतो. मंडप उठतो, खड्डे राहतात, आणि त्या खड्ड्यांत खेळणाऱ्यांचे घोटे मुरगळतात. आता ते मैदान कायमचंच प्रदर्शनांसाठी द्यायचं घाटत होतं. कागदोपत्री त्याचा उल्लेख होता 'मोकळी जागा'. मोकळी... रोज संध्याकाळी जिथं पाय ठेवायला जागा नसते ती मोकळी. माझं डोकं फिरलं. मी सह्यांचे कागद आणि पत्रकांचा गठ्ठा घेऊन भर उन्हात मैदानावर पोचले. मॅच सुरू होती. गोलमागं पंधरा-वीस म्हातारी माणसं ओळीनं उभी आणि मधे एक खुर्ची रिकामी. मला वाटलं, चला, या शहरात कुणाला तरी बाईमाणसासाठी खुर्ची सोडायचं सुचलं. मी बसले.

"ऊठ पोरी," शेजारचा उंच म्हातारा मैदानावरची नजर न हलवता म्हणाला. "गोल झाला नाय अजून."

मी उठले नाही. मी म्हटलं, "खुर्ची बसायलाच असते ना?"

"व्हय. बसायलाच आणलीय. पण गोल झाल्यावर."

"मग गोल झाल्यावर आणा. आत्ताच कशाला अडवून ठेवली?"

आता त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "गोल झाल्यावर हुडकत फिरू का मग?"

 मी उठले. त्या दिवशी गोल झाला नाही. मी मॅच संपेपर्यंत उभी राहिले आणि मला वीस सह्या मिळाल्या. सगळ्यांनी सह्यासुद्धा उभ्यानं, एकमेकांच्या पाठीवर कागद ठेवून केल्या.

या नियमामागं एक चप्पल आहे. नानांचा क्लब म्हणजे 'पिवळे'. हे नाव पडलं ते पहिल्या पोरांनी घरातल्या बनियनी हळदीत बुडवून घातल्या म्हणून. पहिल्या पावसात मॅच झाली आणि दुसऱ्या हाफला दोन्ही संघ पांढरे झाले, हे रऊफचाचा अजून हसत सांगतात. चाचा पिवळ्यांचे गोलकीपर होते, आणि त्यांच्यापुढं डावीकडून पळणारा सखाराम. धनगराचा, मेंढरांमागं माळ तुडवून पाय घडलेला. एका फौजी संघाविरुद्ध सखारामानं अर्ध्या मैदानावरून गोल मारला. तो गोल आपण डोळ्यांनी पाहिला असं सांगणारी माणसं या शहरात इतकी आहेत, की तेवढी मावायला शेजारचंही मैदान घ्यावं लागलं असतं. नाना मात्र खरं सांगायचे. "मी होतो. मला दिसला नाय." चपलेचा अंगठा तुटला म्हणून ते तेवढ्यात खाली बसले होते. वर पाहिलं तर जाळी हलत होती आणि सगळं मैदान नाचत होतं. त्या दिवसापासून त्यांनी ठरवलं, आपला गोल होईपर्यंत बसायचं नाही. सोबतचे आधी हसले, मग तेही उभे राहायला लागले. गोल झाला की पहिले नाना बसणार, मग बाकीचे गवतावर. हळूहळू लोक मैदानाकडं पाहायच्या आधी नानांकडं पाहायला लागले.

नियम आला की वाद आलेच. सगळ्यात मोठा वाद नाना आणि रऊफचाचांचा. समोरच्यानं स्वतःच्याच जाळीत बॉल घातला तर बसायचं की नाही? चाचांचं म्हणणं, "गोल तो गोल है, बैठो." नाना म्हणत, "आपण काय केलं त्यात? कशाच्या जोरावर बसायचं?" वीसेक वर्षं हे चाललं. शेवटी तडजोड झाली ती अशी की अशा वेळी नानांनी खुर्चीच्या कडेला नुसतं टेकायचं. बसायचं नाही, टेकायचं. पाठ टेकवायची नाही, पाय जमिनीवर घट्ट. मी मोठमोठ्या साहेबांच्या बैठकांत तडजोडी पाहिल्यात. इतकी नेमकी एकही पाहिली नाही.

देशाच्या संघाची मॅच असली की सगळे चौकाजवळच्या चहाच्या हॉटेलात टीव्हीपुढं. तिथंही खुर्ची यायची, सायकलच्या कॅरिअरला बांधून. आपला संघ गोल किती मारतो हे वाचणाऱ्यांना माहीत आहे, त्यामुळं नाना किती उभे राहिले हे वेगळं सांगत नाही. रऊफचाचा चिडवायचे, "नाना, ये कुर्सी तुम्हारे पोते के काम आएगी, नवी की नवी." नाना म्हणायचे, "आपला संघ अन् माझे गुडघे एकाच वयाचे. दोन्ही ऐन वेळेला दगा देतेत." पण हॉटेलवाल्यानं क्रिकेट लावायला रिमोट उचलला की हेच नाना त्याच्यावर असे ओरडायचे, जणू त्यानं कुणाच्या अंगावरची चादर ओढली. मलाही तोच राग आहे, म्हणून आमचं जमलं. फुटबॉलला या देशात मैदान मिळत नाही, टीव्ही मिळत नाही, आणि वर विचारतात, गोल का होत नाहीत.

नाना माझ्या पत्रकांचे संपादक झाले, मी न विचारता. मी लिहिलं होतं, 'याच मैदानानं देशाच्या संघाला खेळाडू दिला!' सखारामाला देशाच्या संघाच्या शिबिराला बोलावणं आलं होतं हे मला कळलं होतं. नानांनी ती ओळ पेनानं खोडली. "बोलावणं आलं. गेला. संघात घेतला नाय. परत आला अन् पिवळ्यांकडून खेळला."

"नाना, हे आपल्याच बाजूचं आहे. कोण तपासतंय?"

"त्याच्या गोलाला मी होतो ना. मला दिसला नाय, तरी मी कुणाला दिसला म्हणून सांगितलं का?" मग पेन माझ्या हातात देत, "जे झालं ते काय कमी हाय का, पोरी? मेंढरांमागचा माणूस इथून उठून तिथवर गेला. तेवढंच लिही." मी फणफणले, पण तेवढंच लिहिलं. मी आजवर काढलेल्या पत्रकांत लोकांनी जपून ठेवलेलं ते एकच पत्रक आहे. त्यात एकही उद्गारचिन्ह नाही, तीसुद्धा नानांनीच खोडली.

गेल्या हिवाळ्यात मैदानाला कुलूप लागलं. आत खांब रोवायला सुरुवात झाली. मी त्याच दिवशी पत्रक काढलं, 'फाटकासमोर ठिय्या आंदोलन'. नाना त्या दिवशी माझ्याशी पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. "मैदान गेलं तर मी उभा ऱ्हायचं कुठं?" त्यांच्या आवाजात कधी नव्हतं ते काहीतरी होतं, आणि मला कळलं, की माझ्यासाठी ही सातवी मोहीम होती, त्यांच्यासाठी एकच.

ठिय्याला चाळीस जण आले. सगळे पिवळ्यांचे म्हातारे. आणि सगळे उभे. मी सतरंज्या अंथरल्या होत्या, हात जोडून सांगत होते, "बसा, अहो, ठिय्या आहे, बसा." कुणी बसेना. पत्रकात काय शब्द छापतोय याचा विचार मी केलाच नव्हता. ज्यांनी उभं राहण्यात जन्म घालवला त्यांना मी बसायला बोलावलं होतं. दुपारी एक अधिकारी आले. तेही हसले, "ठिय्या आहे ना तुमचा? मग बसा की."

नाना पुढं झाले. "साहेब, बसलो असतो. पण तुम्ही खेळ बंद केलाय. खेळ नाय तर गोल नाय. गोल नाय तर बसायचं कसं, तुम्हीच सांगा."

अधिकाऱ्यांनी घाम पुसला, नानांची खुर्ची दिसली, ते बसायला वाकले. चाळीस घशांतून एकच शब्द निघाला, "उठा." ते उठले. पाऊण तास उन्हात उभं राहून त्यांनी प्रत्येकाचं म्हणणं ऐकलं, कारण उभ्या माणसाला कागदात डोकं घालता येत नाही. दुसऱ्या दिवशी पेपरांत फोटो आला. चाळीस म्हातारे, एक साहेब, सगळे उभे, मधे रिकामी खुर्ची. त्यानंतर सुनावणी लागली. माझ्या आधीच्या सहा मोहिमांत जे झालं नव्हतं ते एका चुकीच्या शब्दानं झालं.

नंतर नानांचं हृदय कुरकुरायला लागलं. डॉक्टरांनी सकाळचं फिरणं सोडून बाकी वेळ पडून राहायला सांगितलं. मी शेवटची भेटायला गेले तेव्हा टीव्हीवर देशाच्या संघाची मॅच होती आणि नाना खिडकीचे गज धरून उभे होते. काकू स्वयंपाकघराच्या दारातून मला म्हणाल्या, "तूच सांग बाई यांना. लगीन झाल्यापासून मी या माणसाला जेवतानाच काय ते बसलेलं पाहिलं." मी काही बोलायच्या आत आपल्या संघानं कॉर्नरवरून गोल केला. नाना हळूच खुर्चीत बसले, पाठ टेकवून, आणि डोळे मिटून म्हणाले, "पाठव." मी सगळ्यांना दोन शब्द पाठवले. काकूंनी टीव्हीला हात जोडले... त्यांना गोलाशी काही देणंघेणं नव्हतं, नवरा बसला होता.

ते गेल्यावर अकराव्या दिवशी निकाल आला. मैदान खेळासाठीच राहणार. आदेशात अजूनही 'मोकळी जागा' असंच लिहिलंय. ते मी बदलून घेणार आहे, वाचणाऱ्यांपैकी कुणी त्या खात्यात असेल तर हे वाचून ठेवा.

मागच्या रविवारी पहिली मॅच झाली. खड्डे आम्हीच बुजवले. काकू आयुष्यात पहिल्यांदा मैदानावर आल्या, काखेत खुर्ची घेऊन. त्यांनी ती गोलमागं नेहमीच्या जागी उघडली आणि शेजारी उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "काकू, तुम्ही बसा." त्या म्हणाल्या, "झाला का गोल?" मी गप्प बसले, म्हणजे उभ्यानंच.

दुसऱ्या हाफमध्ये पिवळ्यांनी बॉल गोलपुढं टाकला, समोरच्या बचाववाल्याच्या नडगीला लागून तो त्यांच्याच जाळीत गेला. सगळे ओरडले आणि ओरडता ओरडता सगळ्यांच्या माना खुर्चीकडं वळल्या. पहिलं बसायचं ते नानांनी. कुणीच बसलं नाही. रऊफचाचा खुर्चीकडं पाहत पुटपुटले, "अब बोल, गोल है के नहीं?" मी फोन काढला. 'गोल' असं टाइप केलं. ते आपल्याकडचं वाटेना, पुसलं. मग आजवर जे पाठवत आले तेच पाठवलं, 'नाना बसले'.

 मग जालन्याहून, पुण्याहून, आखातातल्या एका नोकरीवरून, एकामागून एक तेच उत्तर यायला लागलं, 'कुणी मारला?' काकूंनी माझ्या खांद्यावरून ते वाचलं. "त्यांना खरं सांग," त्या म्हणाल्या. "तुझ्या नानाला खोटं चालत नव्हतं."

मी लिहिलं, 'समोरच्यांनीच मारला. नाना नुसते टेकलेत.'