मास्क आणि मिशी

परभणीत कॅरमची पावडर घ्यायला खेळाच्या दुकानात गेलो, तर एक धोतरवाले गृहस्थ एका मास्कच्या काचेत तोंड घालून उभे, शेजारी बायको. समुद्रात तरंगताना मासे बघायचा, वर नळी असलेला, अख्खा चेहरा झाकणारा मास्क. त्यांची लेक दोघांना मालवणला नेणार होती.

"पट्टा न बांधता नुसता लावा अन् श्वास ओढा," दुकानदार म्हणाला. "चिकटला तर माप बरोबर."

मास्क दर वेळी निसटला.

"मिशीतून हवा शिरायलीय, पाणीबी शिरंल. मिशी काढावी लागंल."

त्यांनी पिकल्या मिशीवरून हात फिरवला. "माय हाय माझी अजून."

आमच्याकडं मिशी उतरते ती आई-बाप गेल्यावरच.

मग त्यांनी लहान मास्क उचलला, बायकोचे केस हलकेच मागं सारले आणि तिच्या चेहऱ्याला लावला. तो चिकटून राहिला.

"बुडी मारायची न्हाई, वरूनच बघायचं. दम लागला की लगेच काढायचा, लाजायचं न्हाई," दुकानदारानं तिला बजावलं.

तिनं आतून मान हलवली.

नवरा तिला म्हणाला, "मासे कसे होते ते घरी मायला सांग. तिच्यापायी मी न्हाई बघितले, तेवढं सांगू नको."