शिडाला पोट असतं

धुळ्यात हायवेला लागून आमचं ताडपत्र्यांचं दुकान आहे. ट्रकवर टाकायच्या ताडपत्र्या मी स्वतः शिवते, आणि फुशारकी म्हणा हवं तर, पण माझ्या ताडपत्रीवर पाणी थांबत नाही. ताडपत्रीला कुठे झोळ राहिला की तिथे पाणी साचतं, वजनानं शिवण उसवते, आणि मग भिजलेल्या कांद्याचा मालक दुकानासमोर उभा राहून आपल्या नावानं शिमगा करतो. माझ्यावर ती वेळ कधी आली नाही. सपाट म्हणजे सपाट. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे माझी जी फजिती झाली ती या गुणापायीच झाली.

माझे वडील मुंबईच्या गोदीत नावांचे सुतार होते. सगळा गाव त्यांना आबा म्हणतो, म्हणून मीही आबाच म्हणते. निवृत्त झाल्यावर लोक गावी येताना फ्रिज आणतात, कपाट आणतात. आबांनी आमच्या गावी, पारोळ्याला, नाव आणली. दोन माणसांची, शिडाची, शर्यतीची लहान नाव. फळीवर फळीची कड चढवून तांब्याच्या खिळ्यांनी बांधलेली, कुठल्याशा जुन्या कारागिरानं केलेली. गोदीवाल्यांनी मोडीत काढली, आबांनी उचलली. आमच्या वस्तीत विहाराच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये ती आली तेव्हा माणसं जत्रेसारखी पाहायला यायची. "आबा, पूर केव्हा येणार?" असं विचारून दात काढायची. मी माहेरी असले की त्यांना सोडत नसे. आबा मात्र हसायचे आणि रंधा मारायचे.

कुजलेल्या फळ्या त्यांनी एकेक करून बदलल्या. आतल्या वाकड्या फासळ्या वाफेवर मऊ करून नव्या बसवल्या. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे लाकडाचा वैरीच. चैत्र-वैशाखात फळ्या अशा आकसायच्या की फटीतून पलीकडचं ऊन दिसायचं. मग आबा संध्याकाळी नावेत पाणी ओतून ठेवायचे, लाकूड फुगून फटी मिटाव्यात म्हणून. पुढेपुढे वस्तीतल्या बायाच धुणं झाल्यावर उरलेली बादली नावेत रिकामी करायच्या. "आबा, तुमच्या म्हशीला पाणी पाजलं हो," म्हणून हाक मारायच्या. चेष्टा करत करत सगळ्या वस्तीनं ती नाव जगवली, हे मला फार आवडतं.

मग एक दिवस कळलं, की भुसावळजवळच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यावर जुन्या लाकडी नावांची शर्यत होणार आहे. पुण्याचे, नाशिकचे हौशी लोक आपापल्या नावा घेऊन येणार. आबांचं वय सत्तरीच्या पुढचं. मला म्हणाले, "आता नही त कव्हय?" नाव तयार होती, डोलकाठी तयार होती. शीड तेवढं नव्हतं. होतं ते उंदरांनी खाल्लेलं.

"शीड मी शिवणार," मी म्हणाले.

आबांनी चष्म्यावरून पाहिलं. "ताडपत्री वायली, शीड वायलं."

आता मला वेगळं म्हणाल तर मी ऐकते होय! नाकावर राग घेऊनच जन्मलेली मी. म्हटलं, कापड ते कापड, शिवण ती शिवण. आबांनी एवढंच सांगितलं, की गावाजवळच्या बोरी धरणावर एकदा चढवून पाहू. ओढलं तर ठीक, नाही तर मुंबईच्या जुन्या दोस्ताकडून पॉलिस्टरचं तयार शीड मागवू. मी पदर खोचला आणि बसले. पातळ कॅनव्हासच्या पट्ट्या कापल्या, दुहेरी शिवण घातली, कडेला दोर ओवून पितळी रिंगा ठोकल्या. दुकानाच्या फरशीवर पसरलं तेव्हा सुरकुती नव्हती. आमच्या ह्यांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "फरशी दिसेना झाली, इतकं बसलंय." दुकानदार माणूस, त्यांना ते कौतुकच वाटलं आणि मलाही.

बोरी धरणावर वारा चांगला होता. शीड चढलं, ताठ उभं राहिलं, फडाफडा वाजलं आणि नाव जिथल्या तिथे. काठावरची शेरडंसुद्धा आमच्यापेक्षा पुढे गेली. मी म्हणाले, वाराच पडला, दिशाच वाईट, दोरच ओला. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." मग शिडावर हात ठेवला. "हाई शीड शे का चादर? पोट कोठे शे याले?"

शिडाला पोट लागतं, हे त्या दिवशी मला कळलं. वारा पोटात भरला तर नाव ओढतो, सपाट कापडावरून नुसता घसरून जातो. आणि मी तर जन्मभर पोट काढून टाकण्याचाच धंदा केलेला! घरी येताना गाडीत रडूच येत होतं. आबांनी दोस्ताला फोन लावल्याचं मी माझ्या कानांनी ऐकलं.

पुढच्या आठवड्यात शेजारची वहिनी ब्लाऊज घेऊन आली. दुसरीकडून शिवलेला, टक्स चुकीच्या जागी घातलेले. "बघा ना ताई, अंगावर पाटासारखा बसतो," म्हणाली. मी टक्स उसवले, कापड बोटांत धरून टोकाकडे निमुळती चिमूट काढली, आणि कापडानं आपोआप उभार घेतला. हत् तिच्या! सपाट कापडाला गोलाई द्यायची रीत मला लहानपणापासून येत होती. मी वहिनीला तशीच बसवून ठेवलं आणि माळ्यावरचं शीड खाली ओढलं. तिला वाटलं, मला काहीतरी झालं.

सगळ्या शिवणी उसवल्या. दुहेरी शिवण उसवणं म्हणजे काय असतं ते शिवणारालाच विचारा. पट्ट्यांच्या कडा आधी सरळ होत्या. त्या आता टोकांकडे जराजरा गोल कापल्या, म्हणजे एकमेकींना जोडताना टक्ससारखं कापड आत ओढलं जाईल आणि मधे पोट धरेल. पहिल्यांदा पोट फार झालं, गणपतीचं. पुन्हा उसवलं. आबांना काही सांगितलं नाही. तिसऱ्या खेपेला घेऊन गेले तेव्हा बोरीवर वारा असा तसाच होता, पण शीड चढताच भरलं, सुरकुती न पडता भरलं, आणि नाव पुढे सरकली. पाण्याचा आवाज नावेच्या पोटाखालून यायला लागला. मी आबांच्या तोंडाकडे पाहत राहिले. ते सुकाणू धरून समोर बघत होते. काठाला लागल्यावर म्हणाले, "चाली जाई."

चालून जाईल! एवढंच. आबा जेवलेसुद्धा त्यानंतर नीट, दोन भाकरी जास्त.

शर्यत शिमग्याच्या आधीच्या रविवारी होती. पारोळ्याहून भुसावळकडे एवढा रस्ता, कोरडी हवा, लाकूड पुन्हा आकसलं तर केलेलं सगळं पाण्यात. नव्हे, पाणी नावेत. तेव्हा आम्ही आमच्याकडे केळी जशी जपून नेतात तशीच नाव नेली. पिकअपमध्ये खाली केळीची पानं, आत ओलं गोणपाट, वरून पुन्हा पानं. वाटेत दोनदा पाणी मारलं. पुण्याची मंडळी चकचकीत ट्रेलरवरून नावा आणून उभी होती. एकानं विचारलं, "केळी विकायला आणलीत का काका?" आम्ही पानं बाजूला केली. आतून ओली, तांब्याच्या खिळ्यांची, वार्निशनं चमकणारी नाव निघाली आणि त्याचं तोंड बंद झालं. माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू!

आणि त्याच पानांखाली मला ते सापडलं. निळ्या पिशवीत घडी घातलेलं, पांढरंशुभ्र पॉलिस्टरचं शीड. मुंबईहून आलेलं. मला न सांगता आणलेलं.

"आबा, हे काय?"

"समुद्रावर एका शिडावर कुणी जात नही."

"हा समुद्र आहे का?"

ते पानं गोळा करायला लागले. माझ्या आत नुसती आग. म्हणजे माझ्या शिडावर भरवसा नव्हताच. चालून जाईल म्हणजे, वेळ आली तर उतरवता येईल.

सकाळच्या शर्यतीत मात्र माझंच शीड चढलं. आबा सुकाणूवर, मी पुढे शिडाचा दोर धरून. वारा फुंकर घातल्यासारखा. कॅनव्हास पॉलिस्टरपेक्षा जड, एवढ्याशा वाऱ्यानं जागं होईना. वळणाच्या बोयाला, त्या तरंगत्या खुणेला, फिरलो तेव्हा मागे एकच नाव उरली होती, तीही जुनं शीड डोलकाठीला अडकून फाटल्यानं थांबलेली. पुण्याच्या एका जोडप्याची. आम्ही शेवटून दुसरे आलो. काठावर आमचे हे शिट्ट्या वाजवत होते, ते मला आणखीनच लागलं.

दुपारी झाडाखाली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी सोडली. दुसरी शर्यत व्हायची होती, दोन्हींचा निकाल वेगळा. आबा जेवले, हात धुतले, पिकअपकडे गेले आणि निळी पिशवी काढली. मी पाठ फिरवली. मनात म्हटलं, बरोबरच आहे, आयुष्यभर थांबलेत, त्यांनी का हरावं माझ्यापायी? उठून माझं शीड उतरवायला मी नावेकडे निघालेसुद्धा.

मागे पाहते तर आबा नावेकडे आलेच नाहीत. पिशवी घेऊन ते त्या पुण्याच्या जोडप्याकडे गेले होते. त्यांची नाव आमच्याच घाटाची, शीड त्याच मापाचं. ती दोघं फाटलेलं कापड मांडीवर घेऊन उदास बसली होती. आबांनी पिशवी त्यांच्यापुढे ठेवली, कसं चढवायचं ते हातानं दाखवलं आणि परत आले.

"आबा, मग आपलं?"

"आपलं चढेल शे ना. दोर सोडू नको."

दुपारनंतर वारा सुटला. हतनूरचं पाणी चुरचुर करत उठलं, आणि माझा जड कॅनव्हास असा भरला की दोर माझ्या तळव्यांतून निसटू लागला. नाव एका अंगावर झुकली. आबा ओरडले, "बाहेर बस, बाहेर!" पन्नाशीची बाई मी, साडीवर ह्यांची पँट चढवून नावेच्या काठावर बसले आणि पाठ पाण्यावर टेकवली. मागच्या नावा मागेच राहिल्या, पुढच्या एकेक गाठल्या. माझ्या तोंडातून काय काय निघत होतं ते लिहिण्यासारखं नाही. शेवटच्या बोयाला आमच्यापुढे एकच नाव होती, पांढऱ्याशुभ्र शिडाची. पुण्याच्या जोडप्याची. आमचं नाक त्यांच्या शेपटापर्यंत पोचलं, आणखी पुढे गेलं, आणि अर्ध्या नावेच्या अंतरानं ती पहिली आली, आम्ही दुसरे.

काठावर सगळे आबांभोवती जमले. ते जोडपं तर पाया पडायलाच निघालं. शर्यत भरवणाऱ्यांपैकी एक गृहस्थ हळहळून म्हणाले, "आबा, तुमच्याच शिडानं तुम्हाला हरवलं हो. ते दिलं नसतंत, तर आज पहिले तुम्हीच होतात."

आबा ओल्या पायजम्यानं दगडावर बसले होते. त्यांनी त्या गृहस्थांकडे असं पाहिलं, जणू लहान पोर काही खुळ्यासारखं बोललंय.

"मन्ही पोरनी शिवेल शीड उतारीसन जिकीसन काय करू मी?"

गृहस्थांना अहिराणी कळली की नाही कोण जाणे. मला कळली: पोरीनं शिवलेलं शीड उतरवून मिळणारं जिंकणं त्यांना नको होतं. तळव्यांना दोरानं फोड आले होते, तेच हात तोंडावर धरून मी सगळ्या पुण्या-नाशिकसमोर हमसून हमसून रडले.