गोठीवाले डॉक्टर

आमचे डॉक्टर पेशंटच्या छातीला नळी लावायच्या आधी त्याच्या जावयाची चौकशी करायचे. "काय भाऊ, जावई बरा आहे ना?" बाहेर रांग व्हरांड्याच्या पायऱ्यांपर्यंत गेलेली, पत्रे तापलेले, आणि हे आपले गोठी करत बसलेले! गोठी म्हणजे गप्पा. भद्रावतीपासून माजरीपर्यंत सगळे त्यांना गोठीवाले डॉक्टरच म्हणायचे. मी त्यांची नर्स. माझा जीव नुसता वर-खाली व्हायचा. "सर, लोकांना कामधंदे आहेत," असं मी तोंडावर सुनावायचे.

"थांबा ना सिस्टर. माणूस कसा बोलते ते तं पाहू द्या."

एकदा तलावावर मासे धरणारे एक म्हातारे आले. ताप सणकून, खोकला मात्र नावाला. जावयाचं विचारताच म्हणाले, "आत्ताच जेवून गेला." सोबतची पोरगी ओरडली, "अवो बाबा, माहं लग्न कुठी झालं अजून?" सगळा दवाखाना हसला, मीही हसले. डॉक्टर तेवढे हसले नाहीत. त्यांनी लगेच छातीचा फोटो काढायला लावला, तर आत निमोनिया!

"लबाड असते हा, सिस्टर," ते म्हणाले. "बसते छातीत, अन् गडबड करते डोक्यात."

आता डॉक्टर नाहीत. नवे साहेब हुशार आहेत, रांग भराभर सरते, आणि मला मेलं करमत नाही.

माझ्या आईच्या जिभेला हाड नाही. दूधवाला, सरपंच, मी, कुणी म्हणून सुटत नाही. डॉक्टरांना ती "ए गोठीवाल्या" अशी हाक मारायची आणि ते खूश व्हायचे. डॉक्टर असतानाच एका मे महिन्यात ती चंद्रपूरला एका लग्नाला गेली आणि मंडपातल्या पाण्याचे फवारे उडवणाऱ्या पंख्यापुढे ठाण मांडून बसली. आठवड्याभरानं तिला ताप आला, जुलाब लागले. मी लग्नाच्या जेवणावर खापर फोडलं. पण आई एकदम गोड झाली हो! "किती करून राह्यली वं पोरी माह्यासाठी," म्हणाली. जन्मात पहिल्यांदा! मी अगदी विरघळले.

संध्याकाळी डॉक्टर घरी आले. आईनं हात जोडले. "बसा साहेब. चहा घ्या."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "सिस्टर, गाडी बोलवा."

"अहो सर, जुलाब आहेत नुसते."

"तुमची आई मले साहेब म्हणून राह्यली, अन् तुम्ही जुलाब पाहून राह्यल्या?" त्यांनी तिचं मनगट धरलं. "अंग भाजून राह्यलं, अन् नाडी पाहा किती संथ." पाठीला नळी लावली, तर उजवीकडे खाली चरचर. मग विचारलं, "कुठी पाण्याच्या फवाऱ्यात बसल्या होत्या काय?" मी पंख्याचं सांगितलं.

दवाखान्यात नेऊन काढलेल्या छातीच्या फोटोत डाग दिसला. साठलेल्या पाण्यातले जंतू तुषारांबरोबर छातीत गेले असावेत, असा त्यांचा अंदाज. "लिजिओनेला म्हणतात. लघवी तपासाले नागपूरले पाठवू, पण वाट नाई पाहायची. नेहमीच्या इंजेक्शनाले हे जंतू भीक घालत नाईत. दुसरं औषध आत्ताच सुरू करू. चुकलो तं मले शिव्या द्या."

नागपूरचा रिपोर्ट आला. डॉक्टर चुकले नव्हते. पण त्यानं आई कुठे बरी होत होती? ऑक्सिजन लावलेल्या अवस्थेत ती येणाऱ्या-जाणाऱ्याचे आभार मानायची. मला तिच्या प्रत्येक गोड शब्दाची धास्ती बसली. ही अशीच गेली, तर कुणी परकी, मऊ बाई जाईल. माझ्या आईची आणि माझी भेटच होणार नाही. डॉक्टर रोज तिच्या खाटेशी स्टूल ओढून तिला चिडवायचे, लग्नातल्या वरणाला नावं ठेवायचे. "बरोबर आहे साहेब," ती म्हणायची, आणि ते मान खाली घालून उठायचे.

मग एका सकाळी त्यांनी तिच्या पाठीला नळी टेकवली, आणि आई कडाडली, "अरे मुडद्या! बरफात ठेवून आणली काय नळी? काऊन छळून राह्यला मले?"

मी खाटेचा दांडा धरून हमसून हमसून रडायला लागले. डॉक्टर हसत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं.

"पाहा वं याले!" आई मला म्हणाली. "मी इथी मरून राह्यली, अन् हा दात काढून राह्यला!"

"नाई मरत बाई तुम्ही आता," डॉक्टर म्हणाले. "बोला. आणखी बोला."