मेणाचा तंबू

मेहुण्याने माझ्या तंबूला पायाने ढोसून बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. म्हटलं, पुन्हा पाय लावलास तर तंगडी मोडून हातात देईन. तो हसला. तिथेच त्याच्या थोबाडीत द्यायला माझा हात शिवशिवत होता.

तंबू मी स्वतः शिवला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी, बायको, आमची दहा वर्षांची मुलगी आणि हा मेहुणा, असे चौघे धरणाच्या काठी एक मुक्काम करणार होतो. मुलीने महिनाभर तोच धोशा लावला होता. मेहुणा कशेळीच्या गोदामात कामाला. मित्रांबरोबर असा दोनदा जाऊन आलेला, त्यामुळे आपल्याला यातलं फार कळतं असं त्याचं मत. प्रथमोपचाराची पेटी, विजेऱ्या, जाड सतरंजी, पिण्याचं पाणी, सगळी यादी त्यानेच केली. तिथपर्यंत ठीक होतं. मग म्हणाला, "भावोजी, तंबू तयार भेटतो. हलका हाय, चेन हाय. घेऊन टाकू."

पंचवीस वर्षं मी कामतघरच्या कारखान्यात लूमवर कापड विणतोय आणि कापडाच्या खोपटासाठी दुकानात जाऊ? मी आमच्याच मालातला एक तागा उचलला, दुहेरी शिवला. पाणी झिरपू नये म्हणून मेणबत्त्या वितळवून त्यात टर्पेंटाइन मिसळलं आणि ब्रशने कापडाला फासलं. दोन दिवस गच्चीवर वाळवलं. वास गेला नाही, पण वर पाणी ओतलं की थेंब घरंगळत खाली यायचे. मी फुशारलो होतो, खोटं कशाला बोलू?

शुक्रवारी लूम बंद असतात. दुपारी गच्चीवर बांबू उभे करून तंबू ताणला. मुलगी उड्या मारतच आत शिरली. शिवणीतून कुठे उजेड दिसतो का ते तिने सांगायचं होतं. मी डासांची कॉइल पेटवून आत ठेवली, तिला धुराची सवय व्हावी म्हणून, आणि दारातून उजेड येऊ नये अशा तिन्ही दोऱ्या बाहेरून बांधल्या. तुटलेला धागा सांधायला आम्ही मारतो तीच गाठ, ओढाल तितकी घट्ट बसते.

"आत कॉइल नको, भावोजी," मेहुणा म्हणाला. "मेण लावलाय तुम्ही. सोडा ती दोरी."

"मला शिकवतोस?"

"तुम्हाला ऐकायलाच येत न्हाय, तर शिकवू काय?"

ते खरं होतं. लूमच्या खडखडाटाने माझे कान कधीच गेलेत. समोरच्याचे ओठ बघून मी बोलणं समजून घेतो. पण ते त्याने तोंडावर बोलावं? मी त्याची कॉलर धरली. त्याने मला छातीवर ढकललं. मी त्याला पाण्याच्या टाकीवर आपटलं, गुडघा पोटात घातला आणि आईबहिणीवरून शिव्या देत सुटलो. त्याची बहीण माझी बायको, हेही भान राहिलं नाही. त्याच्या ओठातून रक्त आलं. तो माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत काहीतरी ओरडत होता. रक्ताने भरलेलं तोंड मला वाचता येईना. मला वाटलं शिव्या देतोय, म्हणून अजून एक ठोसा दिला.

मग पाठीला झळ लागली. वळून बघतो तर तंबूची एक बाजू भडकलेली, मेण पेटून ठिबकत होतं.

मी धावलो आणि गुडघ्यावर बसून गाठ सोडायला लागलो. शेजारी बांबू तासायचा कोयता पडला होता. पण चांगलं कापड कापायचं नाही, गाठ सोडायची, हे बोटांत इतकं मुरलेलं की पोर आत असताना मी नखांनी दोरी उकरत बसलो.

बायको जिन्यावरून धावत आली. तिने मला लाथ घालून बाजूला पाडलं, कोयता उचलला आणि तंबू वरपासून खालपर्यंत फाडला. मेहुण्याने आत हात घालून मुलीला ओढून काढलं. केस होरपळलेले, दंडावर गरम मेण सांडून फोड आलेले. त्याने तिच्यावर बादली ओतली. बायकोने तंबूचाच बांबू उपसला आणि मला मारायला लागली. पाठीवर, मांडीवर, हातावर. शेजारपाजारचे गच्च्यांवर येऊन बघत होते. मी हात वर केला नाही. ती थांबू नये असंच मला वाटत होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी बांधली, डाग राहतील म्हणाले. बायको औषधं आणायला खाली गेली. मेहुणा सुजलेलं तोंड घेऊन दाराशी उभा होता, माझ्याकडे बघत नव्हता. मी मुलीच्या खाटेशी बसलो. म्हटलं, "हाका मारल्यास का गं?"

मला नीट दिसावं म्हणून तिने तोंड माझ्याकडे वळवलं.

"आधी मारल्या, पप्पा. मग गप्प बसले. तुम्ही मामावर एवढे ओरडत होतात, मला वाटलं मध्येच बोलले तर मलापण माराल."

अंगावर आग ठिबकत होती आणि माझी पोर माझ्या रागाला भीत होती.