गिरणीवाल्या आबांचं मद्रास

"पहिले पाणी, मग बठ्ठं," म्हणजे बाकी सगळं नंतर, असं म्हणतच आबा आमच्या ऑफिसात शिरत. टोपी काढून टेबलावर ठेवत, ग्लास उंच धरून ओठ न लावता पाणी घशात सोडत आणि मगच खुर्चीत टेकत. टोपीतलं पीठ टेबलावर सांडे. ते मी पुसायची.

सोनगीरला त्यांची पिठाची गिरणी होती. तुमच्या ओळखीत कुणी गिरणीवाला असेल तर तुम्हाला ठाऊकच असेल, ही माणसं कुजबुजू शकत नाहीत. आबा गुपित सांगायला पुढे वाकले तरी शेजारच्या झेरॉक्सवाल्यापर्यंत ऐकू जाई.

धुळ्याच्या बसस्टँडजवळ माझं टूर्सचं ऑफिस आहे. येणारे बहुतेक चारधाम मागतात, नाहीतर अष्टविनायक. आबांनी चेन्नई मागितली. ते मद्रासच म्हणत.

"आठवडाभराचं करून द्या ताई. मी आणि ही."

ही, म्हणजे त्यांची बायको, मांडीवर पिशवी घट्ट धरून बसली होती. आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय तृतीया, लेकी माहेरी येऊन झोके खेळतात तो सण, नुकतीच झाली होती.

मी नकाशा उघडला. मरीना बीच, दीपगृह, मैलापूरचं देऊळ, एक दिवस महाबलीपुरम आणि वाटेतली मगरींची बाग, एक दिवस कांचीपुरम. प्रत्येक ठिकाणाला आबांचा एकच प्रश्न. "पोरीच्या घरापासून किती लांब?"

चौथ्यांदा विचारलं तेव्हा मी वैतागले. "आबा, पोरगी तिथेच आहे तर तिच्याकडेच उतरा ना. लॉज कशाला?"

"तिला अजून लेकरू नाही, ताई. तोवर लेकीच्या घरचं पाणी चालत नाही आमच्यात. पाणी नाही तर मुक्काम कसा?"

हे मलाही माहीत होतं. माझ्या वडिलांनी माझा मुलगा होईपर्यंत माझ्या घरचा चहा घेतला नव्हता. तेव्हा मला त्याचं हसू यायचं.

मी लिहायला लागले. तेवढ्यात आबांनी विचारलं, "गरम कपडे लागतील का?"

"मद्रासला? मे महिन्यात? आबा, तिथे घामाने अंघोळ होते."

ते हसले नाहीत. बायकोकडे बघत राहिले. मग ती बोलली. "व्हिडिओवर पोर स्वेटर घालून बसते. मनगटापर्यंत बाह्या. दोनदाच दिसली, दोन्ही वेळेस."

मी पेन खाली ठेवलं.

बाकीचं तुकड्यातुकड्याने कळलं. फोन सासू उचलते. पोर झोपली आहे, देवळात गेली आहे, कामात आहे. कधी दिलाच तर स्पीकरवर, आणि पोर एवढंच म्हणते, "मी बरी आहे, बाबा." दोन आखाज्या ती माहेरी आली नाही. अंगणातल्या निंबाला झोका बांधायचा आणि सोडायचा. स्थळ आबांच्या साडूने आणलेलं, त्यामुळे तो म्हणे, "मोठ्या शहरात असंच असतं."

"सरळ जाऊन उभे राहा," मी म्हणाले.

"काय म्हणून? न बोलावता गेलो तर विहीण म्हणेल, चौकशीला आले. आपण परत फिरलो की राग पोरीवर निघेल. फिरायला आलो होतो, म्हटलं डोकावू. असं पाहिजे. आणि खरं वाटलं पाहिजे."

मग त्या फिरण्याची तयारी सुरू झाली. आबा दर आठवडी बाजाराला येत, पाणी पीत आणि मद्रास पाठ करत. विहिणीने काही विचारलं तर अडायला नको. "पहिल्या दिवशी दीपगृह. मग देऊळ. मग मगरी."

"मगरी तिसऱ्या दिवशी, आबा."

"तिसऱ्या दिवशी मगरी," ते ओरडून घोकत. गिरणीवर दळण घेऊन येणाऱ्या बायांनाही त्यांनी सगळं म्हणून दाखवलं. एकीने शंख आणायला सांगितला, दुसरीने साडी. साऱ्या सोनगीरला वाटलं, म्हाताऱ्याला म्हातारपणी हौस सुचली.

मी पोरीच्या इमारतीमागच्या गल्लीत लॉज पाहिलं. बायकांच्या मदतीचा फोन नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये टाकून दिला. जळगावहून गाडीत बसले तेव्हा आबांच्या टोपीवर पीठ नव्हतं.

पहिल्या दिवशी फोन आला. "दारातूनच बोलली विहीण. पोर डॉक्टरकडे गेली म्हणे."

दुसऱ्या दिवशी पोरीला ताप होता. विहीण हसून म्हणाली होती, "तुम्हाला तर आमचं पाणीही चालत नाही भाऊ, आग्रह तरी कसा करू?" आणि दार लावलं होतं.

तिसऱ्या दिवशी आबांचा आवाज मला पहिल्यांदाच नीट ऐकू येईना. "समोरच्या ओट्यावर बसलो आहे ताई. सकाळपासून. ही रडते. जवळच समुद्र आहे म्हणे. लॉजवर पडलं की त्याच्या आवाजाने गिरणी चालू राहिल्यासारखी वाटते. आता काय करू?"

मी म्हणाले, "उठू नका तिथून." टूरवाली बाई दुसरं काय सांगणार?

संध्याकाळी परत फोन.

"ताई, तिच्या घरचं पाणी पिलो."

"म्हणजे?" मी विचारलं.

"दार वाजवलं. म्हटलं, विहीणबाई, तहान लागली आहे, पाणी पाजा. पण पोरीच्या हातचं. बघतच राहिली. पाणी मागणाऱ्याला नाही कसं म्हणेल? शेजारची दारं उघडी होती, आणि माझा आवाज तुम्हाला माहीत आहे. पोर ग्लास घेऊन आली. हात पुढे केला तशी स्वेटरची बाही मागे सरकली. मी बघितलं, ताई. मग बठ्ठा ग्लास पिलो, ओठ लावून. तिला म्हटलं, 'कशी शे, बेटा?' बरी आहे म्हणाली नाही. चप्पल घालून बाहेर आली. आठे शे, इथे माझ्याजवळ. एक तिकीट वाढवून द्या."

त्या रात्रीचं तिकीट मिळणं कठीण होतं. मिळवलं.

जळगाव स्टेशनवर मी गाडी घेऊन गेले होते. पोर मधे, दोघं दोन बाजूंना. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आबा, समुद्र कसा वाटला?"

"कोणता समुद्र?" ते म्हणाले. मग आठवलं. "राहूनच गेला की. पुढच्या वर्षी आमचं बठ्ठं मद्रास करून द्या. तिघांचं."

करून ठेवलं होतं. पण त्याच वर्षीच्या थंडीत आबा गेले. छातीत पीठ बसलं होतं, डॉक्टर म्हणाले.

परवा कामाने सोनगीरवरून जाणं झालं, म्हणून थांबले. गिरणी चालू होती. पट्ट्याजवळ पोर उभी, बाह्या खांद्यापर्यंत सारलेल्या, दोन्ही हात पिठाने पांढरे. मला बघून तिने गिरणीच्या आवाजावर आवाज चढवला.

"पहिले पाणी घ्या, ताई!"